एकाच्या औषधाने दोघे बरे होत नाहीत

(कल्याण येथे मंडळीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला वीटभट्टीवरच्या आदिवासी कुटुंबांतील कामाबद्दल बोलायला सांगितले. मुलांची शाळा, रेशनकार्डे, चादरी यांचा हिशोब वार्तापत्रात येतच असतो. आज मी जे सांगणार आहे, ते अहवालात लिहायला मी स्वतः कित्येक वर्षे लाजत होते. शरीरसंबंधातून होणाऱ्या आजारांविषयी मला बोलायचे आहे. मुलांना रविवारशाळेच्या बाईंनी शेजारच्या खोलीत नेले आहे, तेव्हा मोकळेपणाने बोलते.

दिवाळी झाली की शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याकडची कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या भट्ट्यांवर येतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत राहतात. अशाच एका भट्टीवर मला एक बाई भेटली. अंगावरून पांढरे जायचे, ओटीपोटात दुखायचे, ताप यायचा. मी तिला दवाखान्यात नेले. गोळ्या मिळाल्या, तिला बरे वाटले. दोन महिन्यांनी तीच तक्रार. पुन्हा नेले, पुन्हा बरी झाली, पुन्हा दुखणे आले. तिसऱ्या वेळी तिथल्या समुपदेशक बाईंनी मला विचारले, "ताई, हिच्या नवऱ्याला एकदा तरी आणलंत का?"

नव्हते आणले. त्याच्याशी हा विषय काढायची मला लाज वाटत होती. धर्मज्ञानाचा डिप्लोमा घेतलेली मी, व्यभिचारावर तासभर बोलू शकत होते. पण एका माणसाला "दादा, तुमचीही तपासणी करायला हवी" एवढे म्हणू शकत नव्हते. माझ्या लाजेची किंमत ती बाई सहा महिने आपल्या शरीराने मोजत होती.

शेवटी मी त्याच्याशी बोलले. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मला तर काहीच होत नाय, ताई. पण बाहेर दोन जागी जाणं झालंय." त्याला काहीच त्रास नव्हता, हे खरे होते. हे आजार असेच फसवतात. अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, काहीच लक्षण दिसत नाही. गरमी, म्हणजे सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. माणसाला वाटते आजार गेला, पण तो शरीरात राहतो. अशी जखम असताना एचआयव्हीची लागण होणेही सोपे होते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर स्त्रीला मूल न होण्याची वेळ येऊ शकते, आणि मग गाव तिलाच वांझ म्हणते.

एका माणसाचे दोघांशी संबंध असतील, त्या दोघांचे आणखी कोणाशी असतील, तर साखळी किती लांब गेली हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. एकाला औषध देऊन ती तुटत नाही. दोघांनाही औषध हवे, आणि जिथे जाणे झाले तिथेही निरोप पोचायला हवा. तो नवरा तपासणीला आला, दोघांनी एकाच वेळी औषध घेतले आणि बाईचे दुखणे थांबले. बाहेरच्या दोघींपैकी एकीपर्यंत निरोप पोचला. दुसरीपर्यंत पोचला नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

हे फक्त भट्टीवरचे नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. या साऱ्या आजारांचे कारण अनेकांशी संबंध हे नव्हते. पण सोसत गप्प राहणे सगळीकडे सारखेच होते.

आता आपल्या घराकडे वळते. भिवंडीच्या हनुमान टेकडीचे नाव निघाले की आपण नाक मुरडतो. पण शासनाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना दर ३ महिन्यांनी गुप्तरोगांची आणि दर ६ महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला सांगितले जाते. तिथे जाऊन परत येणारा पुरुष मात्र डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसून घरी जातो आणि आयुष्यात एकदाही तपासणी करत नाही. मागच्या वर्षी आपल्यासारख्याच बाकावर बसणारा एक तरुण मला भेटला. लग्न ठरले होते, पूर्वी काही संबंध झाले होते. त्याने विचारले, "ताई, जिथे मंडळीतलं कोणी भेटणार नाही असा दवाखाना सांगाल का?" त्याला आजारापेक्षा आपली भीती जास्त वाटत होती. (हे सांगायला त्याची परवानगी घेतली आहे.)

मंडळीत निरोधचे नाव घेतले तर पाप वाढेल, असे काहींना वाटते. वैवाहिक निष्ठा हीच देवाची इच्छा आहे, हे मी आजही शिकवते. पण ज्याने ती मोडली, त्याच्या घरी वाट पाहणाऱ्या बायकोने काय मोडले? तिला वाचवायला शिकवणुकीबरोबर माहितीही लागते. आपण या विषयाकडे पाठ फिरवतो, हे आजचे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन महाविद्यालयात, म्हणजे मिशनच्याच कॉलेजात, गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि त्या कामापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. देवाविषयीची त्यांची मते आपल्याला पटणार नाहीत. तरी १९२७ पासून २६ वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून त्यांनी लोकांना जे सांगितले, त्यातले थोडे तरी आपण सांगायला हवे होते.

म्हणून आज सांगते. निरोध प्रत्येक वेळी वापरला तर धोका खूप कमी होतो. मात्र जखम झाकली न जाणाऱ्या भागावर असेल तर पूर्ण संरक्षण मिळत नाही. काविळीच्या 'बी' प्रकारावर लस आहे. सिफिलिस लवकर कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. धोका घडल्यावर लगेच केलेली एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका. साधारण ३ महिन्यांनी पुन्हा करा. धोका नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, लागण टाळणारे औषध असते. एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातले विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणी वेळेवर उपचार झाले तर बाळही बहुतेक वेळा वाचते.

सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात आणि सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व सल्ला मोफत असतो. जवळचे केंद्र कुठे, हे १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करू नये, नाव फोडू नये, नोकरी किंवा घर नाकारू नये, असा २०१७ चा कायदा सांगतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री आठवा. भर दुपारी ती एकटी विहिरीवर आली होती. तिच्या आयुष्यात किती पुरुष आले हे प्रभूला माहीत होते, आणि त्याने ते लपवलेही नाही. तरी बोलणे तिथे संपले नाही. तीच पुढे गावात जाऊन लोकांना घेऊन आली. आमच्या भट्टीवरची ती बाईही पुढच्या हंगामात आली तेव्हा एकटी नव्हती. शेजारच्या झोपडीतल्या नवराबायकोला बरोबर घेऊन म्हणाली, "ताई, दोघांनाही आणलंय."

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. लग्नापूर्वीच्या समुपदेशनात वधू-वर दोघांनीही स्वेच्छेने तपासणी करावी, असे पाळकसाहेबांनी सांगावे, आणि त्याचा निकाल त्या दोघांपाशीच राहावा. दुसरी मागणी पैशाची. तपासणी मोफत आहे, पण दोघांची दिवसाची मजुरी आणि रिक्षाभाडे मोफत नाही. या तिमाहीची देणगी आम्ही त्यासाठी वापरणार आहोत.

सभेनंतर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर या. मी काहीही लिहून घेणार नाही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.