घरच्या इंटरनेटचा वेग : किती हवा, किती पुरे
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



विषय मुद्दाम घरगुती घेतला आहे. आपला ट्रस्ट मुलांच्या वह्यापुस्तकांस व फीस मदत करतो. हल्ली त्याच घरांत दरमहा इंटरनेटचेही बिल येते. ते किती असावे ह्याचा हिशेब फार थोडे लोक करतात. मी गणिताचा शिक्षक असूनही केला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

सन २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग घरातूनच घ्यावे लागले. आमचे निपाणीचे घर जुने. आतल्या खोलीची भिंत दीड हात जाडीची. मी त्या खोलीत बसून शिकवी. ‘सर, तुमचा आवाज तुटतोय,’ अशी मुलांची रोजची तक्रार. मी ४० एमबीपीएसची योजना सोडून १०० ची घेतली. महिन्याला ३०० रुपये अधिक गेले; आवाज मात्र तुटतच राहिला. वर्षभराने वायरमनचे काम करणारा एक माजी विद्यार्थी घरी आला. त्याने पुढच्या खोलीत लोखंडी कपाटामागे पडलेला राउटर उचलला आणि मधल्या दारावरच्या फळीवर ठेवला. तक्रार संपली! ३,६०० रुपये मात्र व्यर्थ गेले होते. त्याच वर्षी मुलीचा चष्मा बदलणे मी दोनदा पुढे ढकलले होते. ही बोच आजही जात नाही, म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइटच उतरतात. आकडा लहान दिसला म्हणून कोणी फसविले असे समजू नये.

आता पाण्याचे उदाहरण घेऊ. बेळगावास राकसकोपचे पाणी नळाने येते. टाकी भरायची असेल तर मोठ्या नळाने ती लवकर भरते. परंतु ओंजळीने पाणी पिणाऱ्यास नळ कितीही मोठा असला तरी ओंजळीत मावेल तेवढेच मिळते. एक गिगाबाइटची फाइल उतरविणे हे टाकी भरणे होय : ४० च्या वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंदांत उतरते, १०० च्या वेगाने ८० सेकंदांत. चित्रपट पाहणे किंवा बोलणे हे मात्र ओंजळीने पिणे आहे. नेटफ्लिक्स कंपनी स्वतःच पूर्ण एचडी चित्रास ५ आणि फोर-के चित्रास १५ एमबीपीएस पुरेसे म्हणते.

तेव्हा मोजायचे ते एवढेच : एकाच वेळी किती ओंजळी पुढे येतात? रात्री आठ वाजताचे आमचे घर पाहा. अम्मी दुबईच्या माझ्या धाकट्या भावाशी चेहरा पाहून बोलत असतात, त्यास २ धरा. थोरल्याचा शिकवणीवर्ग ३, मुलीचा मोबाईलवरील धडा ३, टीव्ही ५, आम्हा उभयतांचे निरोप व वर्तमानपत्र २. बेरीज १५. अडीअडचणीस निम्मे अधिक धरले तरी २३ च्या आत. टीव्ही फोर-के असता तर बेरीज २५ आणि निम्म्यासह ३८ च्या आत. म्हणजे माझी जुनी ४० ची योजनाच पुरेशी होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी ही सेवा सुरू केली, तेव्हा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. आजचे ४० मेगाबिट म्हणजे त्याच्या चार हजार पटींहून अधिक. तरी जाहिरात पाहिली की आपणास ते कमीच वाटतात!

वेग वाढविण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, राउटरजवळ बसून सकाळी व रात्री वेग मोजावा. तेथेच कमी भरला तर कंपनीकडे तक्रार करावी. दुसरी, मग आतल्या खोलीत मोजावा. तेथे कमी भरला तर दोष भिंतीचा, योजनेचा नव्हे. राउटर उंचावर, घराच्या मध्यभागी ठेवावा. राउटरचे २.४ गिगाहर्ट्झचे जाळे भिंतीपलीकडे अधिक पोहोचते. ५ चे जवळच्या जवळ वेगवान असते. तिसरी, पाठविण्याचा वेग निराळा विचारावा. तो काही योजनांत उतरविण्याच्या वेगाहून पुष्कळ कमी असतो, आणि शिकविणाऱ्यास व मोठ्या फाइली धाडणाऱ्या छायाचित्रकारास त्याचीच गरज असते. शिवाय महिन्याची मर्यादाही पाहावी. ५ एमबीपीएसचा चित्रपट तासाला सव्वादोन गिगाबाइट खातो. हे सारे पाहूनही बेरीज योजनेहून अधिक भरली, तर खुशाल मोठी योजना घ्यावी. गरजेचा खर्च हा उधळपट्टी नव्हे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे वडीलधारे सांगत आले. येथे मी उलट सांगतो : आधी पाय मोजा, मग अंथरूण विकत घ्या. ज्यांना हा हिशेब अवघड वाटेल त्यांनी आपले बिल घेऊन माझ्याकडे यावे. माझ्या वर्गातील मुले तो कागदावर मांडून देतील. त्यांनाही बेरजेचा उपयोग कळेल. वाचलेल्या पैशांत कोणाचा चष्मा वेळेवर आला, तर आजचे माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.