यमुनेचे पाणी आणि कावीळ



१९५५ च्या नोव्हेंबरात नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या पाणीपुरवठ्यात शिरले. क्लोरीन वाढविल्याने विषमज्वर पसरला नाही. परंतु आपल्या या दिल्लीत सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. गर्भवतींवर तिचा घाला विशेष क्रूर होता. त्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. म्हणूनच ही कावीळ ‘अ’ प्रकारची नव्हे, हे १९८० मध्ये सिद्ध झाले. पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञ बालायान यांनी स्वतः संसर्ग पत्करून अशाच काविळीचा विषाणू शोधला. तोच आजचा ‘हेपटायटिस ई’. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे : पाणी स्वच्छ दिसले तरी घरातील गर्भवतीस ते उकळूनच द्यावे.