विद्यार्थी परिषद: नेमलेली नको, निवडलेली हवी

(विहाराच्या वर्धापनदिनी वडपे येथे दिलेले व्याख्यान)



विहाराच्या कार्यक्रमात कॉलेजच्या निवडणुकीचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपल्या वडप्यातच बघा. हायवेच्या कडेला गोदामं उभी राहिली. बाप तिथे ओझी उचलतो आणि पोरगी भिवंडी-कल्याणला कॉलेजात जाते. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, तर तिच्या वतीने विचारणार कोण?

माझाही अर्ज असाच अडला होता. ऑफिसात गेलो की उत्तर ठरलेलं, "उद्या या." आमच्या वर्गाला प्रतिनिधी होता, पण तो मार्कांवर नेमलेला. तो म्हणाला, "मला यात कशाला ओढतोस?" त्याचा दोष नव्हता. आम्ही त्याला निवडलंच नव्हतं, मग तो आम्हाला बांधील कसा राहणार?

ही पद्धत आली कशी? १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. मारामाऱ्या नकोत ही आईबापांची भीती खोटी नव्हती. पण रोग गुंडगिरीचा होता आणि औषध म्हणून मतदानच काढून घेतलं!

देशभर हाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लिंगडोह समिती बसली. तिच्या शिफारशी २००६ साली न्यायालयाने लागू केल्या. उमेदवाराने पाच हजार रुपयांवर खर्च करायचा नाही. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. छापील पोस्टर लावायचं नाही. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी. पक्षाचा पैसा घ्यायचा नाही. या नियमांमुळे गोदामात राबणाऱ्या बापाच्या पोरीलाही उभं राहता येतं, म्हणून ते आपल्या कामाचे.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक परत आणली. कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि पाळीपाळीने मागासवर्गीय प्रतिनिधी यांची तरतूद झाली. २०१९ साली निवडणुका होणार म्हणून पोरं तयारीला लागली. तेवढ्यात विधानसभेच्या निवडणुकीचं कारण पुढे आलं आणि त्या लांबल्या. मागोमाग २०२० साली कोरोना आला. कायदा कागदावर आणि पोरं वाट बघत, अशी गत झाली.

बंधू-भगिनींनो, आपल्याला हे नवं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं की, बौद्ध भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते. विनयात बघा. संघापुढे आधी ठराव मांडायचा, त्याला ञत्ति म्हणत. ठरावीक भिक्खू हजर नसतील तर संघकर्म होत नसे. आजारी भिक्खू आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवी. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मत घेत. त्या वाटणारा भिक्खू संघच निवडी. तो लोभ, द्वेष, मोह आणि भय यांना बळी न पडणारा असावा, हा नियम. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याला याहून चांगली अट कोणती घालणार?

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरायची. १९५० साली बाबासाहेब त्या संसदेत हिंदू कोड बिलावर बोलले. एवढा मोठा कायदा त्यांनी पोरांपुढे चर्चेला ठेवला! पोरांना अक्कल नाही, असं ते म्हणाले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की, नुसतं मतदान मिळून भागणार नाही. परिषदेची बैठक ठरल्या दिवशी व्हावी आणि तिचा वृत्तांत फलकावर लागावा. फी भरताना जिमखाना, स्नेहसंमेलन अशा नावांनी पैसे घेतात, त्यांचा हिशेब परिषदेपुढे यावा. जो प्रतिनिधी काम करत नाही, त्याला परत बोलावण्याचा हक्क वर्गाला असावा. आणि आईबापांनी "तू यात पडू नकोस" म्हणणं सोडावं, पोरींच्या बाबतीत तर नक्कीच.

याची सुरुवात आपण याच विहारात करू या. युवक मंडळाची निवड हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून करा. मुदत एक वर्षाची ठेवा. दर पौर्णिमेला वंदनेनंतर वर्गणीचा हिशेब मोठ्याने वाचा. इथे हिशेब मागायला शिकलेलं पोर उद्या कॉलेजात गप्प बसणार नाही.