व्यापारवृद्धी आणि तालुक्याच्या गावांचे पुनरुज्जीवन



यवतमाळ जिल्ह्यातील बाजारपेठांचा इतिहास हा कापसाचा इतिहास होय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली, ती मुख्यत्वे येथील कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी. हीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून लोकप्रिय झाली. कापसाच्या उलाढालीवर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने चालले, अडतीची, किराण्याची व कापडाची दुकाने थाटली गेली.

आजही साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलो रुईची एक गाठ बांधली जाते. बरीचशी रुई परगावी जाते, तिचे सूत व कापड होते आणि भिवंडी, इचलकरंजी, सुरतेचे कापड दारव्हा, दिग्रस, पुसदच्या दुकानांत विक्रीस येते. मधल्या प्रत्येक टप्प्यावरील मजुरी व नफा मात्र बाहेरच राहतो.

म्हणून केवळ दुकाने वाढणे ही व्यापारवृद्धी नव्हे. दसऱ्यानंतर कापसाला बरा भाव मिळाला, तर लग्नाचा बस्ता गावातच बांधला जातो. न मिळाल्यास उधारीची वही जाड होते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. शेतकरी खचला की पेठही खचते.

यवतमाळजवळ लोहारा येथे डेनिमचा कारखाना उभा राहिला. पण प्रत्येक तालुक्यात एवढी मोठी गिरणी शक्य नाही. सरकीचे तेल व ढेप, तुरीची डाळ, गाद्या, शाळांचे गणवेश हे उद्योग मात्र लहान भांडवलातही होऊ शकतात. गणवेशाचे कापड बाहेरून आले, तरी शिलाईची मजुरी गावातील भगिनींच्या हाती राहते व तीच संध्याकाळी पेठेत खर्च होते.

तालुक्यात मिळवलेला पैसा नागपूर-पुण्याच्या सदनिकांत अडकून पडतो आणि तरुण पिढीही त्याच वाटेने जाते. परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या समाजाने मर्यादेपलीकडील धनाचा विनियोग स्वतःच्या गावात करावा, हे व्रताशी सुसंगतच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा–कळंब टप्पा सुरू झाला. या मार्गावरून जिल्ह्याबाहेर नुसत्या रुईच्या गाठी जाणार की तयार माल, याचा निर्णय मोठ्या प्रमाणात येथील व्यापाऱ्यांच्या हाती आहे.