पेशींतील पोकळी
(दौलताबाद येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. वैद्यकाचा अधिकार मला नाही. परंतु माझे थोरले बंधू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. शौचावाटे रक्त जात असता मूळव्याध समजून त्यांनी ते वर्षभर लपविले, आणि मीही भिडेपोटी विचारले नाही. रक्त दिसताच डॉक्टरांस दाखवावे, एवढे तरी आज आपणांस निःसंकोच सांगतो. पुढे या रोगाविषयी जे वाचीत गेलो, त्यातील एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे.

आतड्याच्या अस्तरात असंख्य सूक्ष्म ग्रंथी असतात. मधोमध एकच पोकळी व तिच्याभोवती पेशींची एकेरी रांग, अशी त्यांची घडण. ही पोकळी होते कशी, हे शरीराबाहेर वाढविलेल्या पेशींत पाहता येते. आपल्या देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारली ती डॉ. कमल रणदिवे यांनी. त्या पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी, हे सांगताना शिक्षकाला अभिमान वाटणारच! आज अशा पेशींचे भांडार पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात आहे.

‘काको-२’ हा पेशींचा वंश ७२ वर्षांच्या एका रुग्णाच्या आतड्यातील गाठीपासून वाढविलेला. त्यातील एक पेशी मऊ, थिजलेल्या रसात ठेविली की तिच्या दोन होतात. समोरच्या किल्ल्यातील अंधारी छिन्नीने खडक फोडून कोरली; येथे मात्र काहीच फोडावे लागत नाही. पेशीतील बारीक पिशव्या दोघींच्या सीमेवर येऊन रित्या होतात, तेथे फट पडते. पेशी तीत क्षार सोडतात, क्षारामागून पाणी येते आणि फट फुगते. पुढील प्रत्येक विभाजन ठराविक दिशेने झाले, तरच पोकळी एक राहते. ‘सीडीसी-४२’ नावाचे प्रथिन कमी केल्यास ही दिशा चुकते व एका पोकळीच्या अनेक होतात, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. काही कर्करोगपेशींत तर ती पोकळी दोघींमध्ये न पडता एकाच पेशीच्या पोटात पडते. बाहेर असावयाची सूक्ष्म लव आत वळलेली दिसते.

बंधूंच्या तपासणीच्या कागदावर ‘चाळणीसारख्या ग्रंथी’ असे शब्द होते. त्या वेळी कागद घडी घालून मी खिशात ठेविला. एका पोकळीच्या जागी अनेक छिद्रे, हा त्याचा अर्थ मला ते गेल्यावर कळला.