गजर लावा, पाळणा लांबवा



बाजारभाव विचारायला आपण फोन करतो. मग पाळणा लांबवायचं विचारायला संकोच कशाला? आशाताईंचा नंबर दोघांच्याही हाताशी हवा. फोन बहुधा कारभाऱ्यांच्या खिशात असतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. पुढे आठवड्यातून एकदाच. सुगीच्या घाईत वार चुकतो. तेव्हा फोनमध्ये गजर लावा. गोळी चुकलीच तर लगेच आशाताईंना विचारा, तोवर निरोध वापरा.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्यानं पाळी पुढंमागं होते, कधी थांबतेही. घाबरून मध्येच सोडू नका, आधी फोन करा. अंगावरून फार जात असेल तर मात्र सरळ दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात हे सारं मोफत आहे.