छत्रीखालचा कारभार
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पहिल्या दोन रांगांत मंडळी वह्या काढून बसली आहेत. धिंगरी अळिंबीचा जोडधंदा कसा करायचा, किलोला भाव काय, हे उतरवून घ्यायला आलात ना? (हशा) ते शेवटी. माझं तुणतुणं वेगळं आहे. बुरशीने माणसाची जी मोठी कामं केली, ती छत्रीने केलेली नाहीत, कवकजालाने, म्हणजे तिच्या तंतूंच्या जाळ्याने, केली आहेत. छत्री हे फळ. आंबे उतरवले म्हणून आमराई संपत नाही.

बुरशी ही वनस्पती का नाही, वगैरे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पुढे जातो.

ही पिशवी बघा. मागे पाठवा, फक्त उघडू नका. भिजवलेलं, गरम पाण्यातून काढून निथळलेलं गव्हाचं काड हिच्यात भरलं आणि थराथराला स्पॉन टाकलं; स्पॉन म्हणजे दाण्यांवर वाढवलेली बुरशी. दोन-तीन आठवड्यांत काडाचा पिवळा रंग पार गेला. दाबून बघा. सुटी काडी एक हाताला लागणार नाही, सगळ्याचा ठोकळा झालाय. एकेक तंतू मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. तो टोकाकडून वाढतो, विकरं बाहेर सोडतो, काड बाहेरच पचवतो आणि मग शोषून घेतो. आपण आधी गिळतो, हा आधी पचवतो.

याच चिकटपणावर अमेरिकेत इकोव्हेटिव्ह ही कंपनी 2007 साली उभी राहिली. शेतातला भुसा साच्यात भरायचा, कवकजालाला तो बांधू द्यायचा, मग उष्णता देऊन वाढ थांबवायची. थर्माकोलऐवजी वस्तू पॅक करायला ठोकळा तयार. छत्री उगवूच द्यायची नाही!

आता पेनिसिलीन. दोन मिनिटांत सांगतो. 1940च्या सुमाराला ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांपुढे अडचण अशी, की पेनिसिलीन देणारी बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावरच सायीसारखी वाढायची. म्हणजे उथळ, पसरट भांडी हवीत. युद्धाचे दिवस, भांडी मिळेनात. मग त्यांनी काय वापरलं? रुग्णालयातली बेडपॅन! (हशा) हसू नका, पुढे हीटलीने त्याच बेतावर चिनीमातीची खास भांडी करून घेतली. 1941 साली अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते औषध दिलं. माणूस सुधारायला लागला आणि औषध संपत आलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच टोचलं, तरी पुरलं नाही. तो गेला. पुढे अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्च-कारखान्यातलं उरलेलं पाणी खाद्य म्हणून दिलं, आणि खोल टाक्यांत हवा सोडून, ढवळून, बुरशीला बुडूनही जगायला लावलं. त्याच वाटेने 1955मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये उत्पादन सुरू झालं. टाकीत कवकजाल वाढवायचं, शेवटी ते गाळून बाजूला काढायचं आणि पाण्यातलं औषध घ्यायचं.

काय म्हणालात? पेनिसिलियम म्हणजे अळिंबी नव्हे? नव्हेच हो! तिला छत्री येतच नाही. माझ्याच बाजूने बोलताय की तुम्ही. (टाळ्या)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बेडपॅनने वेळ खाल्ला. म्हणजे क्वॉर्न एका वाक्यात: ब्रिटनमध्ये 1985पासून विकलं जाणारं मांसासारखं खाणं, मूळ माल फ्युझेरियमचं कवकजाल. लिंबाच्या गोळीतलं सायट्रिक ॲसिड लिंबातून आलं असं समजू नका, तीही बहुधा बुरशीचीच कमाई.

आणि झाडं बुरशीच्या तारांवरून बोलतात, हा व्हॉट्सॲप तुम्हाला आलाच असेल. सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी 1997 साली कॅनडात बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवाणघेवाण होते, हे दाखवलं. ते पक्कं. पण जंगलात ती या जाळ्यातूनच होते आणि झाडं लेकरांना खाऊ घालतात, याला पुरेसा पुरावा नाही, असं 2023मध्ये सांगणाऱ्या तिघांत मेलनी जोन्स होत्या, 1997च्या लेखाच्या सहलेखिका! कवकजालाची बाजू मी आयुष्यभर घेईन, पण गप्पा त्याच्या नावावर खपवणार नाही.

हां, धंदा. काड मुठीत आवळल्यावर पाणी ठिबकता कामा नये. पिशवीत हिरवा डाग दिसला तर ती खोलीबाहेर काढा, ती दुसरी बुरशी आहे. ताजी धिंगरी फ्रिजबाहेर टिकत नाही, तेव्हा आधी गिऱ्हाईक बघा. भाव... हो, हो, थांबतो. स्पॉन कुठून आणायचं ते बाहेर चहाच्या टेबलाशी विचारा.